धूर आधी, कार्बन नंतर? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रियेबद्दल आभार, तिखट लिहिलंत म्हणून जरा जास्तच. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मूळ लेखात मी कोळशाचा धूर आणि कार्बन डायऑक्साइड एकाच पोत्यात भरले. धुराने विकसनशील देशांतली माणसं मरतात, तेव्हा तो त्यांचा प्रश्न. कार्बनचं ओझं श्रीमंत देशांनी वाढवलं, ते त्यांनी निस्तरावं. वीजकेंद्रांच्या धुराड्यांना धूर साफ करणारी यंत्रं लावा आणि कोळसा जाळत राहा, ब्रिटननेही तेच केलं.

पहिला भाग मान्य. ‘धूर आटोक्यात आला की तापमानवाढही आटोक्यात येईल’ हे माझं वाक्य चुकलंच. कोळशातल्या गंधकापासून सल्फेटचे बारीक कण बनतात आणि ते ऊन परतवून लावतात. म्हणजे ही घाण तापमानवाढ थोडी झाकूनच ठेवते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-अभ्यास मंडळाच्या सहाव्या अहवालात अशा कणांमुळे मुख्यतः झालेला थंडावा शून्य ते ०.८ अंश धरला आहे. कण आठवडा-दोन आठवड्यांत खाली बसतात, कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं मुक्काम ठोकतो. चीनने २०१३ पासून हवा साफ करण्याचा धडाका लावला, शहरांतले सूक्ष्म कण झपाट्याने घटले. कार्बनचं उत्सर्जन मात्र ते दशक संपताना वाढलेलंच होतं.

पण म्हणून यंत्रावर भिस्त ठेवायची? ते यंत्र जरा जवळून बघू. चिमणीत जाण्याआधी धूर एका उंच टाकीतून नेतात, वरून चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याचा फवारा. सल्फर डायऑक्साइड चुनखडीत अडकतो, त्याचं जिप्सम होतं आणि चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड सुटतो. ६४ किलो सल्फर डायऑक्साइड पकडला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर! कोळशातून येणाऱ्या कार्बनपुढे हे किरकोळ आहे, आणि पंप-पंख्यांना लागणारी वीजकेंद्राचीच एक-दोन टक्के वीजही. माणसं वाचतात, तेव्हा जी केंद्रं चालणार आहेत त्यांना ते लावलंच पाहिजे. मेख पैशात आहे. एवढा खर्च केल्यावर तो वसूल होईपर्यंत केंद्र बंद करायला कोण तयार होईल?

शिवाय यंत्रं लागतात कुठे? भारताने डिसेंबर २०१५ मध्ये वीजकेंद्रांच्या धुरातल्या गंधकाची मर्यादा ठरवली, मुदती पुढे सरकत राहिल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम ही सरकारी वीज कंपनी वर्षानुवर्षं सवलत मागत आली. म्पुमलांगाच्या कोळसापट्ट्यातली हवा हा घटनेने दिलेल्या हक्काचा भंग आहे, असं तिथल्या न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

ब्रिटनचं म्हणाल, तर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यानंतर १९५६ चा कायदा आला. त्याने घराघरांतल्या शेगड्यांचं इंधनच बदलायला लावलं. यंत्रांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. वीजकेंद्रांना मिळाल्या उंच चिमण्या, आणि त्यांचं गंधक नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत आम्ल होऊन पडलं. ब्रिटनमधलं शेवटचं कोळसाकेंद्र बंद झालं ३० सप्टेंबर २०२४ ला. तुमच्या ‘कार्बन नंतर’ मधला ‘नंतर’ तिथे ६८ वर्षांचा निघाला.

न्यायाचा मुद्दा मी सोडत नाही. दरडोई कार्बन उत्सर्जन भारताचं वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकेचं १४ टनांच्या घरात. पण या आकड्याच्या जोरावर पैसा आणि तंत्रज्ञान मागायचं, की नवं कोळसाकेंद्र उभारायचं? २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दक्षिण आफ्रिकेला कोळशापासून दूर जाण्यासाठी श्रीमंत देशांकडून साडेआठ अब्ज डॉलरचा शब्द मिळाला, त्यातला बहुतांश भाग कर्जाचा. चिडायचं तर यावर चिडू, मी तुमच्या बाजूने आहे.

ते चुकलेलं वाक्य मूळ लेखात खोडून ठेवलं आहे, पुसलेलं नाही. खाली दुरुस्ती जोडली आहे.