काळी चार आणि अडीच एमएम

नव्वदच्या दशकात आवाज विकत घेणं सोपं होतं. टू-इन-वनच्या खोक्यावरच आकडा छापलेला असे: १००० वॉट पीएमपीओ. शेजाऱ्यांकडे १२०० आले की आपण १५०० वाला बघायचा. हे पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धत कुठलीच नव्हती आणि त्यातले खरे वॉट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघायचे. पण तक्रार कुणाचीच नसे. शोकेसमधले कप थरथरले की पैसे वसूल.

आता दुकानातला मुलगा विचारतो, "सर, सिग्नेचर कशी पाहिजे?" मी खिशातून पेन काढलं.

मग कळलं की सिग्नेचर म्हणजे आवाजाची ठेवण, आणि तिच्यात दोन पंथ आहेत. एक वॉर्म. यात खालचा भाग भरीव असतो, गाणाऱ्याला छाती आहे असं वाटतं आणि वरची धार मऊ केलेली असते. दुसरा डिटेल्ड. यात तबल्याच्या चाटेवर पडलेलं बोट न् बोट ऐकू येतं आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. माझी मागणी फार नव्हती. डग्ग्याचा घुमारा पोटात जाणवावा आणि तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू याव्यात. "दोन्ही पाहिजे," मी म्हणालो. त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे पाहिलं. "बजेट काय आहे सर?"

नमुना म्हणून त्याने गिटारचं एक इंग्रजी गाणं लावलं. हे गाणं दुकानाच्या परवान्यासोबतच मिळत असावं, कारण मी गेलो त्या प्रत्येक दुकानात तेच होतं. मी पेनड्राइव्हवर विलंबित ख्याल नेला होता, तो लावायला सांगितला. तानपुरे सुरू झाले. मुलगा अदबीने उभा राहिला. मिनिट गेलं. "सर, फाइल हँग झालीय बहुतेक," तो म्हणाला. म्हटलं, थांबा. शेवटी बाईंनी षड्ज लावला, तेव्हा तो मागे वाकून वायर हलवत होता.

"यातला ट्विटर ४०,००० हर्ट्झपर्यंत जातो." ट्विटर म्हणजे खोक्यातला वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर. जातो तर जाऊ दे. माणसाच्या कानाची धाव फार तर २०,०००, तीही पोरवयात. पन्नाशीनंतर बारा-चौदा हजारांच्या वर बहुतेकांना सामसूम. घरी चिरंजीवांनी मोबाइलवर १५,००० चा स्वर लावला आणि स्वतःच्या कानात बोटं घातली. मी म्हणालो, "अरे, लाव की आता." थोडक्यात, मी वरच्या मजल्याचे पैसे भरणार आणि राहायला सोसायटीची कुत्री.

आमचे साडूभाऊ या विषयातले जाणकार आहेत. त्यांनीच तसं सांगितलंय. ते म्हणाले, "व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर घ्या. व्हॉल्व्ह मूळ स्वरात दुप्पट कंपनांचा स्वर किंचित मिसळतो. म्हणजे वरचा सा. म्हणून कानाला गोड लागतो."

"म्हणजे जे गायलेलंच नाही ते ऐकू येतं?"

"त्याला कॅरॅक्टर म्हणतात."

तो डबा इतका तापतो हे कळल्यावर हिने मात्र मनापासून रस दाखवला. पुण्याच्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही. पण किंमत ऐकली आणि पीठ पूर्वीसारखं ओट्याखाली गेलं.

अखेर साधा ट्रान्झिस्टरचा पन्नास वॉटचा ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आणले. साडूभाऊ "निदान शंभर तरी" म्हणत होते. आमचे स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर, ८६ डेसिबल देतात. म्हणजे चटणीचा मिक्सर. वॉट दुप्पट केले की त्यात भर पडते फक्त ३ डेसिबलची. शेजारच्या काकू एका वॉटलाच भिंतीवर ठोकतात. मग उरलेले नव्याण्णव कुणासाठी?

बुकशेल्फ स्पीकर बुकशेल्फमध्ये ठेवायचे नसतात, हे ते घरी आणल्यावर सांगतात. भिंतीपासून हातभर पुढे, ट्विटर कानाच्या उंचीला. स्टँडचा भाव ऐकून मी दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे रचले. उंची बरोबर आली, फक्त डावीकडचा गठ्ठा राशिभविष्यवाल्या अंकांचा असल्याने अधूनमधून घसरतो.

मग साडूभाऊंनी खोलीची परीक्षा घेतली. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि प्रतिध्वनी ऐकायचा. आमच्याकडे गुळगुळीत फरशी, काचेचं शोकेस, समोरासमोर उघड्या भिंती. टाळी मारली की भिंतीभिंतींतून तडतडत जाते. ते बराच वेळ, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वाजवत राहिले. काकू आरती चाललीय समजून वाटी घेऊन आल्या. प्रसाद नाही म्हटल्यावर त्या ज्या नजरेने परत गेल्या, त्या नजरेला गोधडीनेही शोषून घेता आलं नसतं. पण गोधडीने आवाज मात्र शोषला. भिंतीवर आईच्या हातची एक टांगली, खाली सतरंजी टाकली आणि तडतड निम्म्यावर आली. साडेतीनशे रुपयांच्या खिळ्या-दोरीने जे झालं ते सव्वा लाखाच्या कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता बसायची जागा. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण झाला पाहिजे. टेप लावून मोजलं. तिसरा कोपरा नेमका झोपाळ्यावर आला. झोपाळा हलवायचा नाही, असं आईने सांगितलं, आणि झोपाळ्यावर न हलता बसणं मराठी माणसाला जमत नाही. पण इथेच गंमत झाली. झोका मागे, भिंतीजवळ गेला की खालचे स्वर फुगतात, डगा भरतो. पुढे आला की तानपुऱ्याची तार न् तार सुटी होते. मागे वॉर्म, पुढे डिटेल्ड. दोन्ही पाहिजे होतं, दोन्ही मिळालं. फक्त एका वेळी नाही.

हा तोल आईच्या तानपुऱ्यात कधीचा साधलेला आहे. मिरजेच्या कारागिराने घोडीवर तारेखाली सुताचा दोरा ठेवलाय. तो केसभर सरकवला की जवारी उघडते, आवाज झणझणतो. परत सरकवला की गोल होतो. किती सरकवायचा याचं माप नाही, गॅरंटी कार्डही नाही. तो तानपुरा उजव्या स्पीकरशेजारी उभा असतो.

साडूभाऊंना खटकत होती ती वायर. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून मी अडीच एमएमची तांब्याची वायर आणली होती. चार-पाच मीटरला ती भरपूर झाली. त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून एक केबल आणली. अजगराएवढी जाड, वर जांभळी जाळी. किंमत त्यांनी सांगितली नाही, मेहुणीलाही सांगितलेली नसावी. त्याच सकाळी आईने रियाज केला होता. काळी चार, तिची नेहमीची पट्टी. ख्याल गाणाऱ्या बाईंचीही तीच.

केबल लागली. बाईंनी षड्ज लावला आणि थांबल्या, तरी षड्ज थांबेना. मागे कुठेतरी मंद गुंजत राहिला.

"बघा!" साडूभाऊंचे डोळे मिटलेले. "आस बघा! काय खोली आली! तुमच्या अडीच एमएमला जन्मात जमलं असतं?"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "उघडाच राहिला होय हा," म्हणत तिने तानपुऱ्याच्या तारांवर तळहात ठेवला, गवसणी चढवली, नाडी बांधली आणि परत गेली.

बाई थांबल्या की आता षड्जही थांबायला लागला. साडूभाऊ डोळे उघडून केबलकडे पाहत राहिले. मग खाली बसून त्यांनी तिची टोकं उलटी करून लावली. ऐकलं. पुन्हा सुलटी केली.

"बर्न-इन व्हायचीय अजून," ते म्हणाले. "शंभर तास वाजत ठेवा. आणि तो तानपुरा आधी हलवा तिथून, साउंडस्टेजच्या मधे येतो."