‘कॉम्प्युटर’ या शब्दाला फुलफॉर्म नाही

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक मजकूर वर्षानुवर्षे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत आहे. संगणकातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द हा आद्याक्षरांपासून बनलेला संक्षेप असून त्यांचे फुलफॉर्म पाठ केले की विषयाचा पाया पक्का होतो, असे त्यात म्हटलेले असते. त्याखाली कॉम्प्युटर, माउस, व्हायरस, वाय-फाय, बाइट, रॅम, रॉम अशी यादी येते. या यादीत काही खरे, काही अर्धे खरे आणि बरेचसे मागाहून रचलेले आहे. उत्तरपत्रिकेत ते जसेच्या तसे उतरवले जाते, म्हणून त्यातील एकेक दावा तपासणे आवश्यक वाटते.

पहिला आणि सर्वाधिक पसरलेला दावा असा की कॉम्प्युटर म्हणजे ‘कॉमनली ऑपरेटेड मशीन पर्टिक्युलरली यूज्ड फॉर टेक्निकल अँड एज्युकेशनल रिसर्च’. याच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘टेक्निकल’च्या जागी ‘ट्रेड’ असते, तर तिसरीत ‘ट्रेनिंग’. खऱ्या संक्षेपाचे असे होत नाही. सीपीयू म्हणजे सेंट्रल प्रोसेसिंग युनिट, हे कोणत्याही पुस्तकात सारखेच सापडते. शब्द आधी होता आणि अक्षरांना साजेसे शब्द लोकांनी नंतर शोधले, म्हणूनच आवृत्त्या वेगवेगळ्या झाल्या.

इतिहासही हेच सांगतो. ‘मोजणे, हिशेब करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला हा शब्द इंग्रजी छापील मजकुरात 1613 साली आढळतो आणि तेथे तो यंत्राला नव्हे, तर हिशेब करणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. पुढे आकडेमोड करण्यासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्यांचे ते पदनामच झाले. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात 1831 साली रुजू झालेले राधानाथ सिकदर ‘कॉम्प्युटर’ म्हणून काम करत होते आणि पुढे ते तेथील मुख्य कॉम्प्युटर झाले. जगातील सर्वोच्च शिखराची 29,002 फूट ही उंची 1856 साली जाहीर झाली, ती त्यांच्या आकडेमोडीवर आधारलेली होती. अमेरिकी गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन 1953 साली नासाच्या पूर्वीच्या संस्थेत आल्या, तेव्हाही आकडेमोड करणाऱ्या महिलांना कॉम्प्युटरच म्हटले जाई. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी 1936 सालच्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात हा शब्द कागद-पेन्सिल घेऊन गणित करणाऱ्या माणसासाठीच वापरला आहे. तो माणूस एका वेळी एक चिन्ह पाहून, ठरलेल्या नियमाने पुढची पायरी कशी घेतो, याचे वर्णन करता करताच त्यांनी यंत्राची कल्पना मांडली. 1946 साली लोकांसमोर आलेल्या एनियाक या यंत्राच्या नावातील शेवटचे ‘सी’ हे अक्षर तर ‘कॉम्प्युटर’ याच शब्दाचे आहे. फुलफॉर्मवाल्यांचे म्हणणे मान्य केले, तर त्या एका अक्षराच्या पोटात आणखी आठ अक्षरे उलगडावी लागतील.

मराठीतील ‘संगणक’ हा शब्दही येथे उपयोगी पडतो. ‘गणक’ म्हणजे गणना करणारा, विशेषतः ग्रहगणित करणारा माणूस, हा संस्कृतातील जुना अर्थ. आपल्या शब्दकर्त्यांनी आद्याक्षरांचा नव्हे, अर्थाचा अनुवाद केला, आणि माणसाकडून यंत्राकडे जाण्याचा जो प्रवास इंग्रजी शब्दाने केला, तोच नकळत मराठीतही घडला. मला हे फार सुंदर वाटते, आणि बनावट फुलफॉर्ममुळे विद्यार्थी नेमके यालाच मुकतो. शिवाय ती व्याख्या म्हणूनही टिकत नाही. धुलाई यंत्रातील नियंत्रक चिप तांत्रिक वा शैक्षणिक संशोधन करत नाही, तरीही ती संगणकच आहे, कारण ती माहिती घेते, साठवलेल्या सूचनांनुसार तिच्यावर प्रक्रिया करते आणि निकाल देते.

माउस म्हणजे ‘मॅन्युअली ऑपरेटेड युटिलिटी फॉर सिलेक्टिंग इक्विपमेंट’, हा दुसरा दावा थोडक्यात निकाली काढता येतो. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1960च्या दशकात हे उपकरण तयार केले. मागून निघणारी वायर शेपटीसारखी दिसत असल्याने त्याला उंदराचे नाव पडले. 1970 साली मिळालेल्या पेटंटमध्ये त्याचे औपचारिक नाव ‘पडद्यावरील एक्स-वाय स्थान दाखवणारा दर्शक’ अशा अर्थाचे आहे. वरील लांबलचक नाव निर्मात्यांच्या मनात असते, तर ते तेथे आले असते.

व्हायरसच्या फुलफॉर्मने मात्र अधिक नुकसान होते. ‘व्हायटल इन्फर्मेशन रिसोर्सेस अंडर सीज’, म्हणजे महत्त्वाच्या माहितीला वेढा पडणे, हे वर्णन हल्ला झालेल्या संगणकाच्या अवस्थेचे आहे, व्हायरसचे नव्हे. फ्रेड कोहेन यांनी 1984 सालच्या शोधनिबंधात ही संकल्पना मांडली आणि नाव सुचवले त्यांचे मार्गदर्शक लिओनार्ड ॲडलमन यांनी. ते जीवशास्त्रातून घेतले आहे, कारण साम्य नेमके आहे: जैविक विषाणू दुसऱ्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती बनवून घेतो, तसा हा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये बदल करून स्वतःची प्रत त्यात घालतो. हे कळले, तर स्वतंत्रपणे नेटवर्कवरून पसरणारा ‘वर्म’ वेगळा का मानतात, हेही विद्यार्थ्याला कळते. वेढ्याच्या उपमेतून हा फरक कधीच उमगणार नाही.

वाय-फाय म्हणजे ‘वायरलेस फिडेलिटी’ या समजुतीचा दोष सर्वस्वी संदेश पसरवणाऱ्यांवर टाकता येत नाही. 1999 साली ‘हाय-फाय’शी यमक जुळेल असे हे व्यापारी नाव निवडले गेले, आणि त्यामागील संघटनेने स्वतःच काही काळ जाहिरातीत ‘वायरलेस फिडेलिटी’चे घोषवाक्य वापरले. नाव आधी आले आणि शब्द नंतर जोडले गेले, इतके लक्षात ठेवले की पुरे. तंत्रज्ञानाचे प्रमाणित नाव आयट्रिपलई 802.11 असे आहे.

बाइट म्हणजे ‘बाय एट’, आणि म्हणून त्यात आठ बिट (बिट म्हणजे 0 किंवा 1 यांपैकी एक अंक) असतात, हा दावा दिसायला निरुपद्रवी आहे. पण त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. आयबीएमच्या स्ट्रेच संगणकावर काम करताना वर्नर बुखहोल्ट्झ यांनी 1956 साली हा शब्द घडवला. ‘घास’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग त्यांनी मुद्दाम बदलले, जेणेकरून लिहिताना एक अक्षर गळून त्याचा ‘बिट’ होऊ नये. सुरुवातीला बाइटमध्ये आठ बिट नव्हते. एक ते सहा बिटांच्या गटाला बाइट म्हणत. सहा बिटांत 64 चिन्हे मावतात. इंग्रजीची 26 मोठी अक्षरे, 26 लहान अक्षरे आणि 10 अंक धरले की 62 होतात, आणि विरामचिन्हांसाठी दोनच जागा उरतात. आठ बिटांत 256 चिन्हे बसतात. 1964 साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/360 या संगणकमालिकेने आठ बिटांचा बाइट स्वीकारला आणि पुढे तोच रूढ झाला. आठ हा आकडा नावातून नव्हे, गरजेतून आला. ‘एक बाइट म्हणजे एक अक्षर’ हे त्याच यादीतील वाक्यही इंग्रजीपुरतेच बरोबर आहे, कारण आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरी ‘क’ साठवायला तीन बाइट लागतात.

यादीतील काही नोंदी खऱ्या आहेत, हे मान्य करायलाच हवे. बिट हा बायनरी आणि डिजिट यांच्या जोडणीतून बनला. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली तो वापरताना त्याचे श्रेय जॉन ट्युकी यांना दिले. पिक्सेल आणि मोडेमही असेच जोडशब्द आहेत. 1964 सालच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेचे नाव खरोखरच आद्याक्षरांचे आहे.

राहिला शेवटचा दावा, की फुलफॉर्म पाठ झाला म्हणजे संकल्पना समजली. यासाठी मी यादीतील अगदी खरे संक्षेप घेतो. रॅम म्हणजे रँडम ॲक्सेस मेमरी आणि रॉम म्हणजे रीड ओन्ली मेमरी, हे दोन्ही बिनचूक आहेत. येथे ‘रँडम’चा अर्थ अस्ताव्यस्त असा नाही. टेपवरील माहितीसाठी आधीचा भाग गुंडाळून पुढे जावे लागते, तसे येथे करावे लागत नाही. कोणत्याही पत्त्यावरील माहिती जवळपास सारख्याच वेळात मिळते, एवढाच त्याचा अर्थ. पण ही गोष्ट रॉमलाही लागू आहे. दोन्ही फुलफॉर्म शेजारीशेजारी पाठ करणारा विद्यार्थी मात्र समजतो की रँडम ॲक्सेस हा रॅमचा खास गुण आहे आणि तो रॉममध्ये नाही. वीज गेल्यावर रॅममधील मजकूर नाहीसा होतो आणि रॉममधील राहतो, हा त्या दोहोंतला महत्त्वाचा फरक यांपैकी एकाही फुलफॉर्ममध्ये आलेला नाही.