अनसबस्क्राइब केलं, तरी आहेच!

सकाळी मेल उघडला की आधी केर काढायचा. आज पुन्हा तेच: "आम्हाला तुमची आठवण येते!" अरे, कोण तुम्ही? तळाशी फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत 'अनसबस्क्राइब'. दाबलं, तर म्हणे कामकाजाचे १० दिवस लागतील. नाव घालायला एक क्षण पुरतो, काढायला दोन आठवडे?

आणि हे कायद्यात बसतं बरं का! जाहिरातींच्या मेलवरचा अमेरिकेचा २००३चा कॅन-स्पॅम कायदा एवढी मुदत देतोच. आधी परवानगी घ्या, असंही तो म्हणत नाही. म्हणजे पाहुण्याने न विचारता घरात शिरायचं आणि हाकलायचं काम घरच्यांचं. वर ज्याच्या डोक्याला ताप, त्या साध्या माणसाला या कायद्याखाली खटलाही भरता येत नाही.

युरोपने २००२ सालीच आधी संमतीचा नियम केला. कॅनडाचा कायदा २०१४पासून लागू आहे, कंपन्यांना १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड. छान. पण पाठवणारा खोट्या नावाने तिसऱ्याच देशात बसला असेल, तर दंडाची नोटीस चिकटवायची कुठे? त्याच्या स्पॅम फोल्डरात?

हे लिहितानाच टिंग वाजलं. "तुम्ही गेलात, वाईट वाटलं." गेलोय कुठे, जाऊ देताय का!