गाडी माझी, काम कंपनीचं, मग कर कशावर?

नमस्कार,

स्वतःची गाडी कंपनीच्या कामाला वापरली आणि तिचा खर्च कंपनीने दिला तर त्यावर किती कर लागतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की त्यातला एक मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तिथे चूक माझीच आहे.

तुमचे आक्षेप तीन. एक, नव्या करप्रणालीत (दर कमी, पण वजावटीही कमी) सगळ्या सवलती गेल्या, तरी मी लोकांना आशेला लावतो. दोन, स्वतःच्या गाडीच्या पेट्रोलचे पैसे करमुक्त मिळतात असं सांगणं म्हणजे खोटी बिलं लावायला शिकवणं. तीन, हडपसरहून रोज हिंजवडीच्या ऑफिसला जाणाऱ्या माणसाचं माझं उदाहरणच चुकीचं.

तिसरा आक्षेप बिनशर्त मान्य. स्वतःच्या गाडीने घर ते ऑफिस केलेला प्रवास खासगीच धरतात. कंपनीने आपल्या गाडीतून नेलं-आणलं तर त्याला लाभ मानायचं नाही असं कायदा म्हणतो, आणि मी ती तरतूद इथे चिकटवून बसलो. शिवाय डोक्यात जुना महिना 1,600 रुपयांचा ट्रान्सपोर्ट अलाउन्स होता. तो 2018 च्या अर्थसंकल्पात गेला आणि त्याच्या बदल्यात 40,000 रुपयांची प्रमाणित वजावट (पगारातून सगळ्यांना सरसकट मिळणारी) आली. ते उदाहरण लेखातून काढलंय.

पहिला आक्षेप मात्र मान्य नाही. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत, 80सी (गुंतवणुकीवरची वजावट) वगैरे गेलं, बरोबर. पण गाडीचा विषय वजावटीत येतच नाही. कंपनीने दिलेल्या सोयीची किंमत पगारात किती धरायची, एवढाच तो प्रश्न आहे, आणि 2024-25 मध्ये ती किंमत आयकर नियम 1962 मधला नियम 3(2) ठरवत होता. 26 जून 2020 च्या अधिसूचनेने नव्या प्रणालीसाठी याच नियम 3 मध्ये दुरुस्ती केली आणि जेवणाच्या कूपनांची सवलत बंद केली. गाडीला हात लावला नाही. जे काढायचं होतं ते स्पष्ट लिहून काढलं, मग जे काढलेलं नाही ते आपणच का गेलं म्हणायचं? तुमच्या कंपनीने गाडीखर्चाच्या पूर्ण रकमेवर टीडीएस (पगारातूनच आधी कापला जाणारा कर) कापला असं तुम्ही लिहिलंय. 2024-25 चा फॉर्म 12बीए (पगाराखेरीज मिळालेल्या सोयींची किंमत दाखवणारा कंपनीचा तक्ता) काढा, दुसऱ्याच ओळीत मोटारगाडी आहे. तिथे काय भरलंय ते बघा आणि पगार विभागाला नियमाचा क्रमांक सांगून विचारा. आणि एक बघा, तुम्हाला मिळतं ते बिलांवर मिळतं की नुसता दरमहा ‘कार अलाउन्स’ म्हणून पगारात येतं? बिलाशिवाय ठोक मिळणारा भत्ता असेल तर कंपनीने कर कापला यात नवल नाही.

आता आकडे. ते लेखात घाईघाईत उरकले होते. हिशेब 2024-25 चा, तेव्हाच्या नियमाप्रमाणे. गाडी तुमची, खर्च कंपनी देते आणि वापर थोडा कामाला, थोडा घरचा असेल, तर 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना 1,800 रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला 2,400 रुपये सोडून बाकी रक्कम पगारात धरतात. ड्रायव्हरचा पगारही कंपनी देत असेल तर आणखी 900 सुटतात. दुचाकीला 900. हे आकडे 2009 पासून 2024-25 पर्यंत तेच होते. 2009 चा पेट्रोलचा भाव आठवा आणि 2024-25 चा बघा, म्हणजे मी सरकारचा वकील नाही हे पटेल.

समजा कंपनी महिन्याला 9,000 रुपयांची बिलं चुकवते. लहान गाडी, म्हणजे 1,800 सुटले, 7,200 वर कर. पण 1,200 किलोमीटरपैकी 800 कामाचे झाले असं नोंदीतून दिसत असेल, तर 1,800 वर थांबायचं कारण नाही. कामाचे 6,000 सोडता येतात. अट अशी की तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंद कंपनीकडे असली पाहिजे आणि हा खर्च निव्वळ कामासाठीच झाला असं प्रमाणपत्र कंपनीने दिलं पाहिजे. महिन्याला 4,200 चा फरक, वर्षाला 50,400. 30 टक्क्यांच्या टप्प्यात, सेस (करावरचा उपकर) धरून, साधारण 15,700 रुपये कर वाचतो.

खोटी बिलं लावणारे आहेत, त्याला माझी ना नाही. पंपावरच्या पावत्या गोळा करून पेट्रोलच्या गाडीला डिझेलचं बिल लावणारा महाभाग मी पाहिलाय. पण नोंदवही असली की हे प्रकार पकडले जातात, म्हणून तर मी वहीचा आग्रह धरतो. हा आग्रह आला कुठून तेही सांगतो. पूर्वी मी एका कंपनीच्या सर्व्हिस विभागात होतो. चाकण, रांजणगाव, शिरवळ, सगळीकडे स्वतःच्या गाडीने. महिनाभर काही लिहायचं नाही आणि तीस तारखेला रात्री बसून आठवेल तसं भरायचं. एकदा अकाउंट्सच्या मॅडमनी बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. एका ओळीला पेन्सिलीने गोल केलेला: 14 तारीख, शिरवळ, 104 किलोमीटर.

“सर, चौदाला तुम्ही रजेवर होतात.”

होतोच. भाचीच्या लग्नाला सांगलीत. शिरवळला गेलो होतो तेराला, फास्टॅगवर खेड-शिवापूरच्या टोलची नोंदही तेराचीच होती. फेरी खरी, तारीख खोटी. मॅडमनी त्या महिन्याचा अख्खा तक्ता परत केला, आणि बरोबरच केलं. तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात लांबट वही आणि दोऱ्याला बांधलेलं पेन असतं. निघताना रीडिंग, पोचल्यावर रीडिंग, कोणाकडे गेलो ते दोन शब्दांत. इंजिन बंद करायच्या आधी लिहायचं, नाहीतर राहतं.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की गाडी बायकोच्या नावावर असली तर चालतं का. नियमात गाडी कर्मचाऱ्याच्या मालकीची असावी असं आहे. तेव्हा आरसीवर नाव वहिनींचं असेल, तर बिलं लावण्याआधी कंपनीशी बोलून घ्या.