मावशी, ती यादी उडवू नकोस

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मावशीचा फोन. “अगं, ती पत्त्यांची फाइल आता उडवली तर चालेल ना?”

मावशी नाशिकला गच्चीवर बाग करते आणि सहा वर्षं दर पंधरा दिवसांनी ईमेलने बागेचं पत्र पाठवते. वाचक सहाशे चाळीस. प्रत्येकाने पत्ता आपणहून दिलेला, कुणी तर रोपांच्या प्रदर्शनात तिच्या वहीत लिहून. शेजारच्या रकान्यात तिच्या नोंदी: “कढीपत्ता पिवळा पडतो”, “बाल्कनी पश्चिमेला, ऊन फार”.

हे सगळं पुसायचं, कारण कुठल्याशा ग्रुपवर फॉरवर्ड आला: “ईमेल मेला. न्यूजलेटर व्हॉट्सॲप चॅनेलवर न्या. १) ९८ टक्के लोक उघडतात. २) पूर्ण फुकट. ३) स्पॅमची भानगड नाही. ४) पत्त्यांची यादी सांभाळायची कटकट कायमची संपली.” त्याच आठवड्यात तो मला आणखी तीन ग्रुपवर दिसला.

चौथ्यापासूनच सुरुवात करते, कारण खरं नुकसान तिथे आहे. चॅनेल फॉलो करणाऱ्यांचे नंबर चॅनेल चालवणाऱ्याला दिसत नाहीत. वाचकाच्या दृष्टीने ते योग्यच. पण उद्या अकाउंट ब्लॉक झालं, तर “मी आता इकडे आहे” एवढंही मावशी कुणाला कळवू शकणार नाही. यादी हाताशी असली की तसं होत नाही. ट्विटरने आपली न्यूजलेटर पाठवायची सेवा, रेव्ह्यू, जानेवारी २०२३ मध्ये बंद केली, तसलीच टायनीलेटर फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी यादी उतरवून घेतली, त्यांना पुढचं पत्र दुसऱ्या सेवेवरून पाठवता आलं.

आणि व्हॉट्सॲपने हे एकदा करून दाखवलेलं आहे. जर्मनीतली वृत्तपत्रं २०१९ पर्यंत व्हॉट्सॲपवरून न्यूजलेटर पाठवत होती. मग कंपनीने जाहीर केलं की ७ डिसेंबर २०१९ पासून असे घाऊक मेसेज बंद, नियम मोडला तर कायदेशीर कारवाई. रोजच्या वाचकांना दुसरीकडे बोलावत बसायची वेळ वृत्तपत्रांवर आली. त्याच कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात चॅनेल आणले. तिच्या भरवशावर मावशीने सहा वर्षांची यादी पुसायची? मुळीच नाही.

९८ टक्के कुणी मोजले, कुठे मोजले, फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. ओळखीच्या माणसाचा मेसेज उघडणं वेगळं आणि ‘अपडेट्स’ टॅबमध्ये पडून असलेली चॅनेलची पोस्ट वाचणं वेगळं. ईमेलचेही उघडण्याचे आकडे धरून चालू नयेत. ॲपलने २०२१ मध्ये मेल ॲप बदललं, तेव्हापासून न उघडलेलं पत्रही उघडल्यासारखं मोजलं जाऊ शकतं. शिवाय चॅनेल आणतानाच कंपनीने सांगितलं होतं की मजकूर सर्व्हरवर जास्तीत जास्त ३० दिवस ठेवू. मावशीचं जूनमधलं मिलीबग किडीचं पत्र लोक ऑक्टोबरमध्ये शोधतात, झाड पांढरं पडल्यावर.

फुकट आहे, हे खरं. पण चॅनेलऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) करायचं मनात असेल, तर एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज जातच नाही.

स्पॅमबद्दल अर्धं मान्य करावं लागतं. पत्रं जीमेलच्या ‘प्रमोशन्स’ कप्प्यात जाऊन पडतात, माझीही पडतात. आणि मावशीच्या वयाचे कितीतरी वाचक मेल आठवड्यातून एकदा बघतात, व्हॉट्सॲप मात्र दिवसातून दहा वेळा. पण जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून जे कडक नियम लावले, ते मुख्यतः दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी. सहाशे चाळीस वाचकांना “पत्ता सेव्ह करा, एकदा उत्तर पाठवा” एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो.

ईमेलला खरोखर पर्याय हवा असेल तर इंटरनेटवरचं आरएसएस आहे, १९९९ पासून: साइटवर नवं काही आलं की ते वाचकाच्या ‘रीडर’ ॲपमध्ये आपोआप दिसतं. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं, तरी लोक आपल्या फीड्स (वाचायच्या साइट्सची यादी) उचलून दुसऱ्या रीडरमध्ये गेले. आपल्याकडे ते वापरणारे थोडे, म्हणून मावशीला मी तो आग्रह केला नाही.

चॅनेल तिने उघडलं. त्यावर पत्राची लिंक असते आणि खाली पत्ता द्यायचा फॉर्म. पहिल्या पंधरवड्यात अकरा नवे पत्ते आले. फाइलची एक प्रत आता माझ्याकडेही आहे.