‘मोठं कुत्रं वाचवून घरी आणू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मोठ्या वयाचं, कुठून तरी वाचवलेलं कुत्रं घरी नेऊ नका, असं बजावणारा एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. मोठं कुत्रं नवीन काही शिकत नाही आणि नव्या माणसांचं होत नाही. मार खाल्लेलं कुत्रं एक ना एक दिवस उलटतंच. जात ठाऊक नसेल तर स्वभावाचा भरवसा नाही, म्हणून जातिवंत पिल्लूच घ्यावं. आणलंच, तर मालक कोण ते पहिल्या दिवसापासून दाखवून द्यावं. आणि एवढं करूनही घराचं स्वास्थ्य जायचं ते जातंच. शेवटी ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच’ ही म्हण.

हा मेसेज वाचून वाचवलेल्या कुत्र्यांच्या शेल्टरला जायचा बेत सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात एखादं कुत्रं सुखानं राहिलं असतं. म्हणून गप्प बसवत नाही. आमच्या घरी भुरी आहे, मोठी झाल्यावर वाचवून आणलेली. त्यामुळे मी तटस्थ नाही, पण खाली जे मांडते आहे ते फक्त भुरीच्या भरवशावर नाही.

पहिला मुद्दा वयाचा. मोठं कुत्रं नव्या माणसांचं होत नाही, हे तपासून पाहिलं गेलेलं आहे. हंगेरीतल्या मार्टा गाची, योझेफ तोपाल, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांसोबत एका अनोळखी माणसानं प्रत्येकी 10 मिनिटं, अशी तीनदा भेट घेतली. चालणं, कुरवाळणं, थोडा खेळ, एवढंच. मग त्या कुत्र्यांना अपरिचित खोलीत नेऊन, लहान मुलांची आईशी असलेली जवळीक पाहण्यासाठी वापरतात तशी चाचणी घेतली. भेटी झालेली कुत्री त्या माणसाशी परक्यापेक्षा वेगळी वागली, त्याच्या जवळ राहू पाहू लागली. अर्ध्या तासाच्या सहवासावर! शेल्टरमधल्या कुत्र्याला माणसाची ओढ किती असते, हे यातून दिसतं. ज्याचं माणूस हरवलंय ते दुसरं माणूस शोधतच असतं.

शिकण्याचंही तसंच. व्हिएन्नात लिसा वॉलिस आणि सहकाऱ्यांनी 5 महिन्यांपासून 13 वर्षांपर्यंतच्या बॉर्डर कॉली कुत्र्यांना टचस्क्रीनवर चित्रं ओळखायला शिकवलं. 2016 साली त्यांचे निष्कर्ष आले. वय वाढलेल्या कुत्र्यांना शिकायला जास्त प्रयत्न लागले, हे खरं. पण ‘हे नाही, म्हणजे ते असणार’ असा तर्क लावण्यात वयस्क कुत्री तरुणांपेक्षा सरस ठरली, आणि सहा महिन्यांनी शिकलेलं आठवण्यात वयानं काही फरक पडला नाही. ती कुत्री शेल्टरमधली नव्हती, घरोघरची होती. पण मेसेजचा दावा वयाबद्दल आहे, आणि त्याला हे उत्तर पुरेसं आहे. शेपटाची म्हण इथे लावण्यात अर्थ नाही. शेपूट हाडाचं असतं, सवय हाडाची नसते.

पिल्लू घेतलं की सगळं सोपं, हा मेसेजचा गर्भितार्थही मला पटत नाही. पिल्लू रात्री उठवतं, घरभर शू करतं, दातांना लागेल ते कुरतडतं, आणि मोठेपणी त्याचा स्वभाव कसा असेल ते तेव्हा कुणालाच माहीत नसतं. मोठ्या कुत्र्याचं आकारमान, अंगातला जोर, इतर कुत्र्यांशी वागणं, यातलं बरंचसं समोर दिसत असतं.

आता दुसरा मुद्दा, जो लोकांना सगळ्यांत जास्त घाबरवतो. मार खाल्लेलं कुत्रं उलटतंच.

यातला जेवढा भाग खरा आहे तेवढा आधी मान्य करते. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार नाजूक असतो. त्या काळात ज्याला माणसं, आवाज, जागा भेटल्याच नाहीत, किंवा भेटल्या त्या भीती घेऊनच, त्याच्या मनात काही गोष्टींची धास्ती जन्मभर राहू शकते. भुरी अजूनही कुणी हातात काठी किंवा झाडू उचलला की भिंतीला चिकटते. ते गेलेलं नाही, आणि पूर्ण जाईल असं मी कुणाला सांगणार नाही.

पण भिणं आणि उलटणं यांच्या मध्ये बरंच काही असतं, आणि मेसेज नेमकं तेच गाळतो. घाबरलेलं कुत्रं आधी मान वळवतं. ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसू लागतं, अंग ताठ होतं. तरी समोरचा मागे हटला नाही तर गुरगुरतं. चावणं या सगळ्यानंतर येतं. ‘अचानक चावलं’ असं सांगितलं जातं तेव्हा बहुतेकदा हे आधीचं कुणी पाहिलेलं नसतं, किंवा गुरगुरल्याबद्दल त्याला इतकं रागावलेलं असतं की त्यानं गुरगुरणंच सोडलेलं असतं. गुरगुरणं म्हणजे ‘थांब, मला हे झेपत नाही’. ते ऐकून थांबणाऱ्या घरात कुत्र्याला पुढची पायरी चढायची गरज पडत नाही. आणि शांत कुत्रं एकाएकी चिडचिडं झालं, तर आधी त्याचे कान, दात, सांधे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. दुखणं कुत्रं बोलून दाखवत नाही, वागण्यातून दाखवतं. लहान मुलाला कुठल्याच कुत्र्यासोबत एकटं सोडू नये, हा नियम जातिवंत पिल्लाच्या घरातही तितकाच लागू आहे. मुलांना होणारे बरेचसे चावे ओळखीच्याच कुत्र्यांचे असतात.

मेसेजची खरी चूक मात्र याहून मोठी आहे. तो पहिल्या आठवड्यातलं कुत्रं बघतो आणि तोच त्याचा स्वभाव समजतो. शेल्टरमध्ये नुकत्याच आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, पहिल्या तीन दिवसांत जास्त असतं आणि पुढे कमी होत जातं, हे मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी 1997 सालीच दाखवलं होतं. पुढे 2019 साली लिसा गंटर, एरिका फॉयरबाखर आणि क्लाइव्ह विन यांनी शेल्टरमधल्या कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला नेलं तर काय होतं ते पाहिलं. घरी असताना त्यांचं कॉर्टिसोल उतरलं. शेल्टरमध्ये परतल्यावर ते पुन्हा आधीच्या पातळीवर गेलं. म्हणजे त्या कुत्र्यांमध्ये जे दिसत होतं त्यातलं बरंच काही त्या जागेचं होतं, गोंगाटाचं होतं. मला हा अभ्यास वाचताना फार वाईट वाटलं होतं, त्या परत गेलेल्या रात्रींसाठी.

कुत्री वाचवणारे लोक तीन-तीन-तीन असा एक अंदाज सांगतात. जरा स्थिरावायला तीन दिवस, घराची घडी कळायला तीन आठवडे, हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने. हा नियम नाही, अंदाज आहे. काहींना कमी वेळ लागतो, काहींना कितीतरी जास्त. भुरी आली तेव्हा टेबलाखालून निघत नव्हती. आम्ही तिला ओढून काढलं नाही. पाणी तिथेच ठेवलं, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसून वाचत राहिलो, आणि ती आपणहून पाठीशी येऊन टेकेपर्यंत हात पुढे केला नाही. त्या दिवसांत तिला पाहून कुणी म्हणालं असतं की हे कुत्रं माणसाळणार नाही, तर मी त्याला दोष दिला नसता. पण ते अनुमान चुकीचंच ठरलं असतं.

जातीचा मुद्दा लवकर संपतो. 2022 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत कॅथलीन मॉरिल, एलिनॉर कार्लसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. 18,000 हून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या घरच्यांकडून घेतलेली, आणि 2,000 हून अधिक कुत्र्यांचा जनुकसंच वाचलेला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जो फरक असतो, त्यातला सरासरी सुमारे 9 टक्केच जातीनं समजावता आला. माणसाचं ऐकण्याकडे कल असण्यासारख्या काही गुणांत जातीचा वाटा जास्त आहे, पण नुसती जात सांगून समोरचं एक कुत्रं कसं वागेल ते ठरत नाही. जातिवंत म्हणजे भरवशाचं, हा हिशेब इथेच मोडतो.

चौथा मुद्दा, मालक कोण ते दाखवा, हा सल्ला मला मेसेजमधला सगळ्यांत घातक भाग वाटतो. बाकीचे मुद्दे कुत्र्याला दाराबाहेर ठेवतात, हा मुद्दा घरात आलेल्या कुत्र्याचं नुकसान करतो. याचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली कोंडून ठेवलेल्या लांडग्यांमधल्या झगड्यांचं वर्णन केलं, आणि त्यातून ‘अल्फा’ची, म्हणजे मारामारी जिंकून कळपावर राज्य करणाऱ्याची, कल्पना पसरली. ती पसरवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या डेव्हिड मेक यांनीच 1999 साली लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप हे बहुधा एक कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे पुढे चालणारे आईबाप असतात, मारामारी करून राजा झालेलं कुणी नसतं. शिवाय कुत्रं म्हणजे लांडगा नव्हे, हे वेगळंच.

पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेला आणि 2020 साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही बोलका आहे. जिथे झटके देऊन, ओरडून, दाबून शिकवत होते तिथल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, शिकवणीनंतर त्यांचं कॉर्टिसोल जास्त वाढलं. बक्षीस देऊन शिकवलेल्यांची स्थिती बरी होती. आता विचार करा, ज्यानं आधीच मार खाल्लाय त्याच्यावर हेच प्रयोग करायचे? जेवताना भांडं काढून घेऊन हक्क दाखवायचा, म्हणजे त्याला शिकवायचं की माणूस जवळ आला की अन्न जातं. मग ते भांड्यावर गुरगुरायला लागतं, आणि मेसेज म्हणतो, बघा! आम्ही उलट केलं. भुरीच्या भांड्याजवळून जाताना त्यात तिच्या आवडीचा एखादा तुकडा टाकत गेलो. आता ती खाताना कुणी आलं तर शेपूट हलवून वर बघते.

राग येईल त्या क्षणी आठवावी अशीही एक गोष्ट आहे. कुत्र्याचा ‘अपराधी चेहरा’ बघून आपण म्हणतो, याला कळलंय काय केलंय ते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हे तपासलं. कुत्र्यानं आज्ञा मोडली होती की नाही यावर तो चेहरा ठरत नव्हता. मालक रागावला की नाही यावर ठरत होता. ती खाली घातलेली मान आपल्या रागाला दिलेलं उत्तर असते. ज्याला पूर्वी मारलंय त्याची मान तर लवकरच खाली जाते.

राहिलं घराचं स्वास्थ्य. खर्च असतो, वेळ जातो, बाहेरगावी जायचं तर आधी त्याची सोय बघावी लागते, पहिल्या काळात झोपही मोडते. हे लपवून कुणी कुत्रं देऊ नये. पण मेसेज म्हणतो की यानं घराचं स्वास्थ्य जातंच, आणि इथे मी त्याच्याशी शब्दशः असहमत आहे. सकाळी फरशीवर नखांची टकटक खोलीपर्यंत येते. बिछान्याच्या कडेला हनुवटी टेकते. उन्हाचा तुकडा खिडकीखालून सरकत जातो आणि झोपलेली भुरी डोळे न उघडता त्याच्यासोबत सरकते. झोपेत पंजे धावतात, एक कान उलटा होऊन तसाच राहतो. कुणीतरी तो सरळ करतं, आणि त्या एका कृतीत घरातलं भांडणसुद्धा विरून जातं. याला काहीही लागत नाही. भुरी यायच्या आधी आम्ही चौघं एका खोलीत इतका वेळ बसत नव्हतो.

फिरायला जाण्याबद्दलही लोकांची कल्पना दमवून आणण्याची असते. भुरीला ते नको असतं. तिला एका झुडपाशी उभं राहून हुंगायचं असतं, मन भरेपर्यंत. शार्लोट ड्यूरँटन आणि होरोविट्झ यांनी 2019 साली दोन आठवडे काही कुत्र्यांना वास घेऊन शोधायचे खेळ दिले, तर काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव दिला. वास घेणाऱ्या कुत्र्यांचा अनिश्चित गोष्टीकडे बघण्याचा कल नंतर जास्त आशावादी झाला. म्हणून पट्टा सैल सोडावा आणि थांबावं. तिच्यामुळे थांबायला लागल्यापासून पाऊस येण्याआधीचा मातीचा वास मला पुन्हा येऊ लागला आहे.

या मेसेजला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूचे लोक जे गोड पाठवतात, की वाचवलेलं कुत्रं जन्मभर उपकार विसरत नाही, तेही मला मान्य नाही. त्या भरवशावर आणलेलं कुत्रं पहिल्या आठवड्यात टेबलाखाली बसून राहिलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते परत पाठवलं जातं. भुरीवर आमचे उपकार नाहीत. तिला सुरक्षित वाटलं, तेव्हा ती आली.

ज्यांनी जायचा बेत सोडला होता त्यांनी शेल्टरमध्ये जाऊन तिथल्या माणसांना नीट विचारावं: हे कुत्रं इथे किती दिवस आहे, आधी कुठे होतं, कशाला घाबरतं, हात लावलेला कुठे आवडत नाही, इतर कुत्र्यांशी आणि मुलांशी कसं असतं, तपासण्या आणि लसी कुठपर्यंत झाल्यात. एकाच भेटीत ठरवू नये, वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा जावं. आणि शक्य असेल तर एक-दोन रात्रींसाठी त्याला घरी नेता येईल का, हे जरूर विचारावं. उत्तरं प्रामाणिक वाटली, अगदी ‘ठाऊक नाही’ असं उत्तर असलं तरी, तर खिडकीखाली एक जुनी चादर घालून ठेवावी.