एसीचा गॅस दरवर्षी संपत नाही

मार्च लागला की सोलापुरातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास येतो. यंदा तो आमच्या जुळे सोलापुरातील गटावर तीन वेगवेगळ्या सभासदांनी टाकला. 'एसीच्या दुरुस्तीत होणारी लूट टाळा' असे शीर्षक असलेल्या त्या संदेशात पाच सल्ले आहेत: गॅस दरवर्षी संपतो, म्हणून तो उन्हाळ्यापूर्वी भरून घ्या, आउटडोअर (घराबाहेर बसवलेला भाग) नुसता घुमून बंद पडला तर कॉम्प्रेसर गेला असे समजा, इन्व्हर्टर एसीचा (ज्यात कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलतो) पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त होत नाही, नवाच घ्या, दहा वर्षांची वॉरंटी असेल तर एक पैसाही देऊ नका, आणि पाच वर्षांनंतर दुरुस्ती करण्यापेक्षा नवा एसी घ्या. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा, कारण दुरुस्तीच्या नावाखाली पैसे उकळले जातात ही तक्रार खोटी नाही. तरीही यातील तीन सल्ले साफ चुकीचे आणि दोन अर्धवट आहेत, आणि जो माणूस ते जसेच्या तसे पाळेल त्याचा खर्च वाढल्याशिवाय राहणार नाही.

पहिला सल्ला सर्वांत महागात पडणारा आहे. एसीतील गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही; तो तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. घरातल्या फ्रिजमध्ये हेच तत्त्व वापरलेले असते आणि तो फ्रिज वर्षानुवर्षे गॅस न भरता चालतो, हे आपण रोज पाहतो. फरक इतकाच की फ्रिजचे सांधे कारखान्यातच डाग देऊन बंद केलेले असतात, तर स्प्लिट एसीच्या नळ्या आपल्या घरी भिंतीला भोक पाडून, टोके पसरवून, नट आवळून जोडल्या जातात. त्यामुळे गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतो आहे, आणि ती गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय.

हे मी पदरचे पैसे घालवून शिकलो. लागोपाठ दोन उन्हाळे मी प्रत्येकी 2,800 रुपये देऊन गॅस भरून घेतला. तिसऱ्या वर्षी आलेल्या मेकॅनिकने दाब मोजणाऱ्या गेजची नळी जोडण्याआधी वाटीभर पाण्यात भांड्यांचा साबण कालवला, ब्रशने तो आउटडोअरच्या दोन्ही नटांवर लावला आणि मला वाकून पाहायला सांगितले. जाड नळीच्या नटाखाली मोहरीएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगत होता, फुटत होता आणि पुन्हा उगवत होता. नळीचे टोक कापून नवी फ्लेअर, म्हणजे नटात बसणारे पसरट तोंड, काढण्याचे 600 रुपये झाले. गॅसचे पैसे अर्थातच वेगळे द्यावे लागले, पण ते शेवटचे.

नीट केलेल्या कामाचा क्रम असा असतो: नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणे, ती बंद करणे, व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतील हवा आणि ओल काढून टाकणे आणि मग वजनकाट्यावर तोलून गॅस भरणे. किती भरायचा हे आउटडोअरच्या पत्र्यावरील पट्टीवर गॅसच्या नावासह छापलेले असते; दीड टनी यंत्रात तो बहुधा किलोच्या आसपास असतो. केवळ गेजवरचा आकडा दाखवून 'साहेब, गॅस कमी आहे' असे कोणी म्हणत असेल तर सावध राहावे, कारण आर-32 आणि आर-22 या एसीतील गॅसच्या दोन प्रकारांचे दाब मुळातच वेगळे असतात आणि इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो. शिवाय फिल्टर धुळीने भरला असला तरी आतल्या कॉईलवर बर्फ धरतो, आणि तेच लक्षण गॅस कमी झाल्यावरही दिसते. म्हणून फिल्टर धुऊन एक दिवस एसी चालवून पाहावा. त्याला खर्च नाही. (आतून पाणी ठिबकण्याचा तर गॅसशी बहुतेक वेळा संबंधच नसतो, निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली असते.)

दुसऱ्या सल्ल्यात घाई आहे. साध्या, म्हणजे बिनइन्व्हर्टर एसीचा आउटडोअर घुमतो आणि काही क्षणांत बंद पडतो तेव्हा पहिला संशय रनिंग कपॅसिटरवर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला आणि चालायला मदत करणाऱ्या छोट्या डबीवर, घ्यावा. त्या डबीवर 45 मायक्रोफॅरॅड असे लिहिलेले असताना मीटर 30 दाखवत असेल, तर दोष सापडला. तो बदलायला मजुरीसह काही शेकडा रुपये लागतात आणि कॉम्प्रेसर बदलायला दहा हजारांच्या पुढे, म्हणून कपॅसिटर मीटरने मोजल्याशिवाय कॉम्प्रेसरला होकार देऊ नये. दुसरे कारण आपल्या गावाचेच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, गच्चीवरचा आउटडोअर दुपारभर उन्हात तापतो, आणि पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या कॉईलवर सुताच्या तुसाची गोधडीच बसते. उष्णता बाहेर पडायला वाट न मिळाल्याने कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतो. अशा यंत्राला सर्व्हिसिंग पुरते. काही जण उपाय म्हणून आउटडोअरवर ओले पोते, एकाने तर जुनी सोलापुरी चादर, पसरून ठेवतात. त्याने हवेची वाट आणखी अडते आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर पात्यांवर साचतो. सावली करायचीच असेल तर पत्रा हातभर वर, हवा खेळती राहील असा बसवावा.

पीसीबीबाबत संदेश निम्मा खरा आहे. इन्व्हर्टरच्या बोर्डावरील मुख्य पॉवर मॉड्युल जळले असेल किंवा संपूर्ण बोर्ड लाखेत बुडवलेला असेल, तर दुरुस्ती टिकण्याची खात्री कोणी देत नाही. परंतु अनेकदा फ्यूज, रिले किंवा व्हॅरिस्टर एवढाच भाग गेलेला असतो. व्हॅरिस्टर तर विजेचा झटका स्वतःवर घेऊन बोर्ड वाचवण्यासाठीच बसवलेला असतो. पाल किंवा मुंग्या आत शिरून झालेले शॉर्टही मी पाहिले आहेत. असे बोर्ड दीड ते साडेतीन हजारांत दुरुस्त होतात, नव्याला मॉडेलनुसार त्याच्या दोन-तीन पट पैसे पडतात. नवाच घ्यावा लागला तर जुना बोर्ड मागून घ्यावा.

वॉरंटीचा सल्ला वाचून दारात आलेल्या माणसाशी भांडण उकरून काढू नये. जाहिरातीतील दहा वर्षे सहसा फक्त कॉम्प्रेसरची असतात. संपूर्ण यंत्राची वॉरंटी बहुधा एकच वर्षाची असते, काही मॉडेलांत पीसीबीला जादा वर्षे मिळतात, आणि कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस, मजुरी, वाहतूक यांचे पैसे अनेक कार्डांवर ग्राहकाच्या माथी असतात. आपल्या कार्डावर जे लिहिले आहे ते नाकारले जात असेल, तर मात्र 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

राहिला पाच वर्षांचा नियम. त्याच्या बाजूनेही काही आहे: 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे नवे यंत्र पूर्वीपेक्षा स्वस्त पडते. पण दुकानातील किमतीत स्टँड, जादा तांब्याची नळी आणि बसवण्याची मजुरी बहुतेक वेळा धरलेली नसते. शिवाय निर्णय वयावर नव्हे, तर काय बिघडले यावर घ्यायला हवा. आर-22 वर चालणाऱ्या जुन्या यंत्राचा कॉम्प्रेसर गेला असेल किंवा आतल्या कॉईलला गंजून जागोजागी भोके पडली असतील, तर त्यावर पैसे घालू नयेत, हे मलाही मान्य आहे. सहा वर्षांच्या यंत्राचा कपॅसिटर किंवा पंख्याची मोटर गेली म्हणून ते भंगारात देणे मात्र मला पटत नाही. आमच्याकडे कोणत्या यंत्राला काय झाले होते, हे आता मी मीटरच्या पेटीत ठेवलेल्या वहीत लिहितो: तारीख, सापडलेला दोष, बदललेला भाग आणि ग्रॅममध्ये भरलेला गॅस. बुडबुड्याच्या त्या नोंदीनंतर तीन उन्हाळे गेले. गॅसच्या रकान्यात अजून दुसरा आकडा पडलेला नाही.